अकरा पानं कोरी निघाली त्या सकाळची तोंडी परीक्षा

थांबा, हातातलं काम ठेवा बाजूला. हे मला आत्ताच सांगायचंय. उद्या सांगेन, नीट लिहून सांगेन असं दोनदा ठरवलं, पण पोटात मावतच नाहीये. टायपिंगच्या चुका दिसल्या तर सोडून द्या, बोटं डोक्याच्या पुढे पळून राह्यली.

नोकरीचं हे माझं पहिलं वर्ष. अनसिंगपासून थोडं आत एक गाव आहे, तिथं पाचवीपर्यंतची शाळा. शिक्षक आम्ही दोनच, मोठे सर आणि मी. मोठ्या सरांची नोकरी संपत आली तरी चपला रोज एका रेषेत काढतात, आणि मी आली तेव्हापासून त्यांच्या कपाळावर एक आठी कायम. कारण मी पहिल्याच आठवड्यात शाळेचा धूळ खात पडलेला टॅब पुसून काढला आणि म्हटलं, सर, आपण पोरांकडून गोष्टी बनवून घेऊ. चित्रं, आवाज, पानं उलटणारी, टॅबवरची गोष्ट. फुकट होते.

"फुकट?" सर म्हणाले. "मॅडम, फुकट तं गावात हवा बी नाई भेटत, सायकलवाला पैसे घेते."

त्यांचं अगदीच चुकलं नाही. पहिलं जे साधन सापडलं त्यानं तिसऱ्या पानावर कार्डाचा नंबर मागितला. दुसऱ्यात मराठीची जोडाक्षरं अशी फुटली की 'प्रार्थना' चार तुकड्यांत पडली. तिसरं चांगलं निघालं. पान उघडा, फोटो टाका, लाल बटण दाबून त्याच पानावर आवाज भरा, बस्स. फक्त चित्रांचा घोळ होता. आम्ही 'बकरी' शोधली तर बर्फाच्या डोंगरावर उभी, हातभर दाढीची बकरी आली. वर्गातली पोट्टी ओरडली, "मॅडम, हे बकरी नाई, हा तं बुवा हाय!" 'गाव' शोधलं तर लाल कौलांची घरं आणि चिमणीतून धूर.

मंग आम्ही चित्रं शोधणंच सोडलं. वर्गाच्या फरशीवर खडूनं मोठ्ठं चित्र काढायचं, त्यात खरी वस्तू ठेवायची, म्हणजे झाडाच्या जागी तुरीच्या वाळल्या तुराट्या, रस्त्याला गिट्टी, शेताला हरभऱ्याचे घाटे, आणि मी स्टुलावर चढून वरून फोटो काढायची. खाली दोन पोरं स्टूल धरून. काय फोटो यायचे! आमच्या गोष्टींत बर्फ नाही, पण खऱ्या हरभऱ्याचं शेत आहे. आणि घाटे फोटो झाल्या झाल्या पोटात जात, त्यामुळे एकच फोटो, दुसरा चान्स नाही.

आता तिच्याबद्दल सांगते.

पाचवीत एक मुलगी. वर्षभर माझ्यासमोर एक शब्द नाही. हळू बोलते, लाजते, असं नाही. एक शब्दच नाही. तिच्याच काकाची मुलगी तिच्या शेजारी बसते, तिची चुलत बहीण, आणि तीच हिच्या वतीनं सगळं बोलते. हजेरीला दोघींचं 'हजर' तीच म्हणायची. हिला पाणी प्यायचं असलं तर तीच विचारायची. मी हिला प्रश्न विचारला की वर्ग एका सुरात सांगायचा, "मॅडम, थे नाई बोलत." भिंत पांढरी आहे म्हणावं इतक्या सहज.

मला वाटलं बोलताच येत नसेल. मंग एका दुपारी मी त्यांच्या घरी गेली. अंगणाला तुराट्यांचा कूड, आणि कुडाच्या मागून एक खणखणीत आवाज चालू होता, "तुले कितीकदा सांगतलं व, वाळत घातल्या कपड्याले तोंड नोको लावू म्हनून! लाज हाय का तुले? आता थो बाबाचा शर्ट कोन शिवंन, तुही माय?" मी आत डोकावली. ती. एकटी. समोर बकरी. माझ्याकडे पाहिलं आणि नळ बंद करावा तसा आवाज बंद.

तिची आई शेतातून आलीच होती. हातपाय न धुताच माझ्यासमोर बसली. "घरी तं रेडिओ हाय मॅडम हे. शाळेतच काय होते काय मालूम." मंग आवाज खाली करून, "थे पाचवीची परीक्षा आता खरी झाली म्हनते ना? नापास करते म्हनते?"

करतात. पाचवीला आता पास व्हावं लागतं. लेखीत ती काठावर होती, निम्मे प्रश्न कोरे सोडायची. तोंडीचे मार्क मिळाले तर पास, नाही तर नाही. फेरपरीक्षा असते, पण तिच्यातही तोंडी आहेच.

"बहीन सहावीले अनसिंगले जाईन," आई म्हणाली. "हे एकटी मांगं राह्यली तं शाळेत येनारच नाई. बहीन हाय म्हनूनच येते मॅडम. माह्यासंगं वावरात गवत निंदाले येईन, मंग झालं तिचं." तिनं हे रडत सांगितलं नाही. शेतातल्या कामांची यादी सांगावी तसं सांगितलं. मला तेच जास्त लागलं.

मी घरी येताना स्कूटीवर मोठ्यानं एकटीच बोलत होती. आवाज आहे. कुडामागं आहे. मंग आपण कुडामागचा आवाज आणू ना!

दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईच्या फोनवर आमच्या साधनाची लिंक टाकून दिली आणि लाल बटण दाखवलं. तिला एवढंच सांगितलं, की बकरीची एक गोष्ट कर, कोणाला ऐकवायची गरज नाही. तीन दिवस काही आलं नाही. चौथ्या दिवशी पहिल्या पानावर एक छोटा स्पीकर दिसला. दाबला. आधी कुकरची शिट्टी, मंग कोंबडी, मंग तो आवाज, "एक बकरी होती. तिले वाटे का आपन बी यात्रेले जावं."

मी शाळेच्या पायरीवर बसली. स्पीकर पुन्हा दाबला.

गोष्ट अशी की शिरपूरच्या जैन देवळाला जाणारी यात्रेकरूंची बस चहासाठी आमच्या फाट्यावर थांबते. बकरी गुपचूप आत चढते, मागच्या सीटवर बसते, एक म्हातारी तिला केळं देते. शिरपूरला उतरून ती सगळ्यांसोबत रांगेत उभी राहते, कोणीतरी तिच्या कपाळाला टिळा लावतं. संध्याकाळी दुधाच्या गाडीतून घरी येते आणि दुसऱ्या दिवसापासून पाला खात नाही, केळंच मागते. अकरा पानं झाली. फरशीवरची चित्रं सगळ्या वर्गानं मिळून काढली. बस एवढी मोठी झाली की तिची चाकं व्हरांड्यात गेली. ती स्वतः गुडघ्यावर बसून बकरीला शिंगं काढत होती, ओठ घट्ट मिटून. आवाज मात्र सगळे घरून यायचे.

मी मोठ्या सरांकडे गेली. "सर, हेच तिचं तोंडी धरा."

सरांनी हजेरीवही मिटली. मंग म्हणाले, "आवाज कोनाचा बी असू शकते मॅडम. उद्या कोनी म्हनलं का बहिनीनं बोलून देल्लं, तं मी काय सांगू?" ते टाळत नव्हते, खरंच विचार करत होते. शेवटी म्हणाले, "एक करा. परीक्षेच्या दिवशी मले पुरी गोष्ट ऐकवा, न् थे समोर बसेल पाह्यजे. मी तिले त्याच्यावर काही विचारीन. मान हालवली, बोटानं दाखवलं, तरी चालते मले. पाहू."

मी सरांना वाकून नमस्कारच करणार होती, ते मागं सरकले.

आता इथं माझी एक चूक कबूल करते. वर्गाला टॅब शिकवताना मी सगळं त्यांच्या ओळखीच्या शब्दांत सांगायची. पान म्हणजे पाटी. लिहायचं ते खडू. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातला तो खोडायचा कचऱ्याचा डबा आहे ना, तो म्हणजे डस्टर. पोरांना एका झटक्यात कळलं, मी स्वतःवर जाम खूश. आणि आमच्या वर्गात पाळी असते. शाळा सुटताना ज्याची पाळी त्यानं फळा पुसायचा, चटया गुंडाळायच्या, डस्टर खिडकीबाहेर झटकायचं. फळ्यावर एक अक्षर जरी राहिलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याचीच पाळी. हा नियम माझाच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पाळी चुलत बहिणीची होती. मी घाईत होती, बैठक व्यवस्था, नंबर टाकणं, पाण्याचा माठ. तिला म्हटलं, "टॅब बी नीट ठेवून दे."

सकाळची शाळा होती. साडेसातला ऊन खिडकीतून आत आलेलं. मोठे सर खुर्चीवर, समोर चटईवर ती, शेजारी चुलत बहीण, कारण ती नसली की ही दारातच थांबते. मागं बाकीची पाचवी आपापल्या नंबरची वाट बघत. मी टॅब उघडला.

पहिलं पान पांढरं.

मला वाटलं उशीर लागतोय. दुसरं पान. पांढरं. तिसरं. मी अकराही पानं उलटली. एक बकरी नाही, एक चाक नाही, कुकरची शिट्टी नाही.

"रेंज नाई काय?" सर.

"रेंज आहे सर."

तेवढ्यात चुलत बहिणीनं हात वर केला. चेहऱ्यावर शाबासकीची वाट. "मॅडम, म्या पुसलं काल. सारं. एकबी नाई ठेवलं. थे इंग्लिशमधी दरखेपी विचारे, मी दरखेपी हाव म्हनलं."

"काहून पुसलं गं?" मी विचारलं.

"आज परीक्षा हाय ना. कोरं पाह्यजे ना मॅडम."

जुनं परत आणायची सोय त्या साधनात होती, पण पैसे भरणाऱ्यांसाठी. आवाज थेट पानावरच भरलेले, फोनमध्ये त्यांची दुसरी प्रत नाही. मी तरी सगळी बटणं दाबून पाहिली. हात ओले झाले होते, टॅबला बोट कळत नव्हतं. मी जिची गोष्ट होती तिच्याकडे पाहिलं. ती टॅबच्या पांढऱ्या पानाकडे पाहत होती. रडत नव्हती. तिच्या आईसारखीच नजर.

चुलत बहिणीला हळूहळू उमगलं. ती भोकाड पसरून रडली. "मॅडम, म्या नाई मुद्दाम... सर, मले येते तिची गोष्ट! मी सांगतो ना! मी सांगतो, तिचेच मार्क लावा!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोरा टॅब खाली केला.

चुलत बहीण नाक पुसत सुरू झाली. "एक काळी बकरी होती. ते बसमधी चढली. समोरून चढली. डायवरनं पाह्यलं तिले, तं म्हने—"

"मांगून."

मला वाटलं मागच्या रांगेतून कोणी बोललं. सर पण मागं बघायला लागले.

"मांगून चढली," पुन्हा आवाज. "न् काळी नाई. कबरी."

चुलत बहीण जागीच थांबली, तोंड उघडं. बाहेर हापशावर कोणी पाणी भरत होतं त्याचा आवाज येत होता. बोलणारी तीच होती, चटईकडे बघत, कान लाल, पण थांबली नाही. "डायवर कसा पाहीन? थो चहा पिऊन राह्यला होता ना. तुले काही मालूम नाई तं सांगतं कायले?"

चुलत बहीण म्हणाली, "मंग म्हातारीनं तिले भाकर—"

"केळं! केळं व! भाकर असती तं मंग थे केळं कायले मांगंन घरी येऊन?" आणि असं वैतागून तिनं माझ्या हातातला टॅब ओढून घेतला. ओढून! तोंडासमोर धरला, पूर्ण चेहरा झाकला जाईल असा, अंगठ्यानं लाल बटण शोधलं आणि टॅबच्या मागून, त्या कुडामागच्या खणखणीत आवाजात, पहिल्यापासून सुरुवात केली. "एक बकरी होती. कबरी. तिले वाटे का आपन बी यात्रेले जावं."

मी सांगू शकत नाही कसं होतं ते. घरी भरलेल्या गोष्टीत नव्हतं तेही तिनं आता घातलं. शिरपूरच्या रांगेत बकरीला एक बाई विचारते, "काय वं, तू शाकाहारी हायेस ना?" तर बकरी म्हणते, "बाई, मी तं जन्मापासूनच हाव." मागची पोरं चटईवर आडवी झाली हसून. एक जण म्हणालाच, "आबे, मुकी बोलून राह्यली!" तर टॅबच्या मागून उत्तर आलं, "मुका तू." आणि गोष्ट पुढं. चुलत बहीण रडता रडता हसत होती, नाकातून फुगा. मोठे सर हसले, मंग खोकले, मंग चष्मा काढून पुसला, आणि हे मी शपथेवर सांगते, त्यांच्या कपाळावरची ती आठी मला त्या वेळी दिसली नाही.

गोष्ट संपली. टॅब अजून चेहऱ्यासमोरच.

सरांनी गळा साफ केला. त्यांना नियम पूर्ण करायचाच होता. "एक प्रश्न. बकरी यात्रेले कायले गेली?"

टॅब जागचा हलला नाही. मला वाटलं गेलं, बंद झालं पुन्हा.

मंग टॅबच्या मागून, "तिले कोनी नोको जाऊ असं म्हनलंच नाई सर. म्हनून."

सरांनी पेनाचं टोपण काढलं, तक्त्यावर मार्क लिहिले आणि तक्ता माझ्याकडे सरकवला. मी आकडा सांगणार नाही, पण लेखीचा काठ त्यानं आरामात ओलांडला. "सही करा मॅडम," म्हणाले. "न् थो डस्टरचा शब्द बदला."

बदलला. आता मी तो डबा म्हणजे चूल सांगते, आत गेलं की राख. तेव्हापासून त्या डब्याजवळ कोणाचं बोट जात नाही. आणि ज्यांच्याकडे फुकटची साधनं आहेत त्यांना माझं हात जोडून सांगणं, पोरांचा आवाज आधी फोनच्या रेकॉर्डरवर घ्या, मंग पानावर चढवा. प्रत ठेवा. मी ठेवली नव्हती आणि त्या सकाळी तीन मिनिटं मी कोरी पानंच उलटत बसली.

खोटं नाही सांगत, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गप्प होती. मी आशेनं दोनदा विचारलं, तिनं मान हलवली. तिसऱ्या दिवशी वही तोंडासमोर धरून म्हणाली, "मॅडम, खडू संपला." नंतर कधी वही असायची, कधी हात, आणि शेवटच्या आठवड्यात एकदा काहीच नव्हतं, पण तेव्हा तिला ते लक्षात नव्हतं आणि मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आत मात्र माझा पोळा चालू होता.

निकालाला तिची आई आली. कामाचा दिवस बुडवून, धुतलेलं लुगडं नेसून. प्रगतिपुस्तक उलटं सुलटं पाहिलं आणि मला देऊन म्हणाली, "तुमीच वाचा मॅडम, मोठ्यानं." मी वाचलं. पास. सहावीत वर्ग चढवला. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मंग मोठ्या सरांकडे वळून विचारलं, अनसिंगचा ऑटो किती वाजता निघते, आणि दोघी पोरी एकाच ऑटोत बसतील ना.

"बसतीन," सर म्हणाले. "हे बोलतच राहीन रस्ताभर, बाकीच्यायले त्रास."

बाहेर पायरीवर दोघी बहिणी भांडत होत्या, खिडकीकडच्या जागेवरून. दोन्ही आवाज ऐकू येत होते मला. दोन्ही!

आता तुम्ही सांगा ना. तुमच्या वर्गात, घरात, शेजारी असं कोणी आहे का, घरी रेडिओ आणि बाहेर एकदम गप्प? की तुम्हीच तसे होतात? आणि ते पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोललं तेव्हा तुमच्या कानावर पडलेला पहिला शब्द कोणता होता?